दबक्या पावलांनी चालूनही काहीच का दिसत नाही?

पाचोळा
नमस्कार मंडळी,

गेली दोन वर्षं दर रविवारी पहाटे उठून रानात जातो. गळ्यात दुर्बीण, डोक्यावर टोपी, अंगात उत्साह. दोन वर्षांची कमाई म्हणाल तर पुष्कळ पक्ष्यांची शेपटं. मी पोचेपर्यंत ते उडालेले असतात आणि माझ्या वाट्याला पाठमोरी बाजू येते.

गेल्या रविवारी एक मित्र बरोबर होता. वयाने मोठा, मितभाषी. अर्ध्या वाटेवर त्याने नुसता हात आडवा धरला. मी थांबलो. तो बघत होता तिकडे बघितलं तर झाडाची ढोली. बराच वेळ मला ढोलीच दिसत राहिली. मग ढोलीने डोळे उघडले. घुबड! वाटेपासून जेमतेम दहा पावलांवर. त्या वाटेने मी किती वेळा गेलोय याचा हिशेब न केलेला बरा.

"तुला कसं दिसलं?" विचारलं तर म्हणाला, "दिसलं नाही रे. ढोलीची कड चुकल्यासारखी वाटली."

तर प्रश्न असा: डोळे-कान असे तयार करता येतात, की ते उपजतच असावे लागतात? आणि पाय न वाजवता चालायचं कसं? मी चवड्यांवर चालून पाहिलं. पोटऱ्या भरून आल्या आणि पक्षी रोजच्यापेक्षा लवकर उडाले.

उनाड
रात्री दोनला सगळे झोपलेले असताना फ्रीजपर्यंत जाऊन या. सहा महिन्यांत तयार व्हाल. मी आता अंधारात डब्याचं झाकणसुद्धा न वाजवता काढतो.

निशाचर
पाचोळा, आधी आयडी बदला. या नावाने न वाजता चालणं कठीण आहे. (हलकेच घ्या.)

चवडे सोडा. आपण एरवी चालतो ते खरं तर पडत पडत चालतो. वजन आधी पुढे झोकतो आणि मग पाय टेकून सावरतो. टाच धप्पकन आपटते, आणि खाली काय आहे हे कळायच्या आत सगळा भार तिच्यावर आलेला असतो. काडी असेल तर ती मोडणारच.

हा क्रम उलटा करायचा. भार मागच्या पायावर, गुडघे किंचित सैल. पुढचा पाय रिकामा उचलायचा, गवतातून फरपटणार नाही इतका वर, आणि सरळ खाली उतरवायचा. आधी बाहेरची कड टेकते, करंगळीच्या मागची. तिथून पाऊल आतल्या बाजूला लोळवायचं. तळव्याखाली काडी आली तर ती मोडायच्या आधी जाणवते, फक्त बुटाचा तळ पातळ हवा. जाणवली की पाय उचलून चार बोटं पलीकडे ठेवायचा. भार सगळ्यात शेवटी.

परीक्षा अशी: मध्येच कोणी "थांब" म्हटलं तर एक पाय हवेत असतानाही न डुलता उभं राहता आलं पाहिजे. मला पहिले पंधरा दिवस जमत नव्हतं, झाडाला धरायचो.

आणखी एक. माणसाची चाल तालात असते. खसफस, खसफस, खसफस. असं एकसारखं कोणतंच जनावर चालत नाही. चरणारं जनावर दोन पावलं टाकतं, थांबतं, मान वर करतं, पुन्हा तीन टाकतं. ताल मोडलात तर थोडाफार आवाज झालेलाही चालतो. आणि वाऱ्याची झुळूक आली, पानं सळसळली की तेवढ्यात चालून घ्यायचं. झुळूक थांबली की तुम्हीही थांबा.

क्लिक_क्लिक
निशाचर, उत्तम. यात कपड्यांची भर घालतो. पाय कितीही शिस्तीत ठेवलेत तरी नायलॉनची विजार मांडीला मांडी घासून सगळ्या रानाला वर्दी देते. सुती किंवा लोकरी कपडा गप्प असतो. किल्ल्या, सुटी नाणी, बाटलीतलं अर्धवट पाणी (डचमळतं!), बॅगेच्या चेनचं टोक, सगळं आधी घरी हलवून बघायचं.

हा शहाणपणा आला कुठून ते सांगतो. दीड तास झुडपाआड बसून एक हरीण वीस पावलांवर आलं. कॅमेऱ्याचा आवाज बंद केलेला. लेन्स बदलावी म्हणून बॅगेचा कप्पा उघडला. कप्पा वेल्क्रोचा. चर्रर्र! त्या शांततेत तो आवाज मला स्वतःला कानाखाली बसल्यासारखा वाटला. हरणाचा फोटो नाही, हरीण होतं त्या जागेचा मात्र आहे.

शंकासुर
माझं मत वेगळं आहे. चोरासारखं चालणाऱ्याला रान चोरच समजतं.

विचार करा, वाकून, थांबत थांबत, एका दिशेला नजर रोखून कोण येतं? ज्याला खायचंय तो. गुरं राखणारी माणसं मोठमोठ्याने बोलत जातात आणि शेजारच्या झाडावरचे पक्षी ढिम्म हलत नाहीत. त्याच झाडाखाली आपण मांजरपावलांनी गेलो की सगळे भुर्र.

हे नुसतं माझं निरीक्षण नाही. स्टार्लिंग नावाच्या पक्ष्यांवर (आपल्या मैनेच्या कुळातले) २००८ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. चारीच्या भांड्याजवळचा माणूस त्यांच्याकडे बघत असला तर ते भांड्यावर यायला उशीर करायचे, त्याने नजर दुसरीकडे वळवली की लवकर यायचे. तेव्हा पायाच्या आवाजापेक्षा तुमची नजर जास्त वाजते, असं माझं म्हणणं.

दुसरं, न वाजता चालणं सगळीकडे शहाणपणाचं नाही. सापाला जमिनीची थरथर कळते, जबड्याच्या हाडातून. तुमचा पाय वाजला तर बहुतेक वेळा तोच बाजूला होतो. तुम्ही कापसासारखे आलात तर त्याला चाहूल लागत नाही आणि तुम्हाला तो दिसत नाही. अस्वलं असलेल्या रानात तर मुद्दाम आवाज करत चाला असंच सांगतात, कारण अचानक समोर आलेला माणूस अस्वलाला आवडत नाही.

उनाड
अचानक समोर आलेलं अस्वल माणसालाही फारसं आवडत नाही, असं ऐकून आहे.

निशाचर
शंकासुर, सापाचं शंभर टक्के मान्य. उंच गवतात आणि अंधारात माझ्या हातात काठी असते आणि ती आपटतच जातो. पाऊल पडणार ती जागा दिसत असेल तरच वर लिहिलेली चाल. हे आधीच लिहायला हवं होतं, चूक माझी.

नजरेचंही पटलं. फक्त त्यावर उपाय मोठ्याने बोलणं हा नव्हे. प्रत्येक प्राण्याचं एक पळ-अंतर असतं, तेवढं जवळ येईपर्यंत तो तुम्हाला खपवून घेतो. ही कल्पना हेडिगर या स्विस प्राणिशास्त्रज्ञाने मांडली. सरळ अंगावर चालून गेलात की ते वाढतं. तिरकं, आपण दुसरीकडेच चाललोय अशा थाटात गेलात तर बरंच जवळ जाता येतं. आणि बघायचं ते डोळ्यांच्या कोपऱ्यातून.

उनाड
वर्गात आवडत्या मुलीकडे बघायची हीच पद्धत होती. तेव्हा कोणी शास्त्र समजावून सांगितलं नाही.

चष्मिष
कोपऱ्याचा विषय निघालाच आहे तर लिहितो.

पाचोळा, डोळे 'तयार' होत नाहीत. माझ्या चष्म्याचा नंबर सात आहे आणि रानात जाऊन तो रेसभर कमी झालेला नाही. बदलते ती बघण्याची सवय. हात लांब करून अंगठ्याच्या नखाकडे बघा. साधारण तेवढाच भाग, म्हणजे दोनेक अंश, आपल्याला खरोखर स्पष्ट दिसतो. उरलेलं सगळं, दोन्ही बाजू मिळून जवळपास १८० अंश, धूसर. आपण ते नखाएवढं भिंग रानभर फिरवत राहतो आणि पक्षी नेमका त्याच्या बाहेर बसलेला असतो. धूसर भागाला बारकावे कळत नाहीत, पण हालचाल झटकन कळते. म्हणून नजर सैल सोडायची.

सराव सोपा आहे. समोर लांब कुठेतरी बघत उभे राहा, दोन्ही हात बाजूला पसरा आणि बोटं वळवळवा. मान न हलवता, डोळे न वळवता दोन्हीकडची वळवळ एकदम जाणवली पाहिजे. मग हात हळूहळू मागे न्या. घरच्यांच्या देखत करू नका, प्रश्न विचारतात.

अंधाराचं वेगळं गणित आहे. डोळ्याच्या पडद्यावर दोन प्रकारच्या पेशी. शंकूपेशी रंग आणि बारकावे टिपतात, दंडपेशी अंधुक उजेडात काम करतात. उजेडातून अंधारात गेल्यावर शंकूपेशी दहाएक मिनिटांत सावरतात, दंडपेशींना अर्धा तास किंवा वरही लागतो. त्या अर्ध्या तासात कोणी "किती वाजले?" म्हणून मोबाइल उघडला की मांडलेला डाव मोडला. मंद लाल उजेड त्यातल्या त्यात चालतो, दंडपेशी लाल रंगाला जवळजवळ दाद देत नाहीत. आणि नजरेच्या बरोबर मधोमध दंडपेशी नसतातच. त्यामुळे अंधारात ज्याच्याकडे टक लावावी तेच नाहीसं होतं. भुताच्या निम्म्या गोष्टी इथेच जन्मल्या असाव्यात. किंचित बाजूला बघा, परत दिसेल.

पाचोळा
सगळ्यांचे आभार. पण आता गोंधळ वाढला. हळू चालू, वाजवत चालू, की तिरका चालू? आणि वर नजर सैल सोडून चालायचं तर काडी कशी दिसणार?

निशाचर
काडी डोळ्यांनी बघायचीच नाही. ते काम तळव्याचं. डोळे पायांत गुंतले की रान कोण बघणार?

एक_कान
बरेच दिवस वाचनमात्र होतो. या विषयावर राहवलं नाही.

माझा डावा कान लहानपणीच गेला. आवाज कुठून आला हे दोन कान मिळून ठरवतात. उजवीकडचा आवाज डाव्या कानाला पोचायला सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी उशीर होतो, आणि मेंदू तेवढ्यावर दिशा काढतो. माझ्याकडे तो हिशेबच नाही. मला सगळं रान उजव्या बाजूला असतं.

त्यामुळे मला थांबावंच लागतं. आवाज आला की उभं राहायचं, तो परत यायची वाट बघायची, डोकं हळूहळू फिरवायचं. जिथे तो सर्वांत ठळक होईल ती दिशा. कधी एका आवाजाला तीन-चार मिनिटं जातात, तोवर बरोबरची मंडळी पुढे निघून गेलेली असतात. आणि ती ज्याच्या पुढून निघून गेली, ते मला दिसतं. असं इतक्यांदा झालं की आता कोणी वाट बघत थांबलं तर मीच म्हणतो, तुम्ही व्हा पुढे.

एकदा असाच उभा होतो. झुडपापलीकडे कोणीतरी जाड कागद फाडतंय असा आवाज. थोडा फाडला, थांबला, परत थोडा. मान फिरवत फिरवत शेवटी दिशा लागली आणि पानांच्या फटीतून एक ओलं नाक दिसलं. हरीण चरत होतं. गवत तुटण्याचा आवाज तो. दोन चांगले कान असते तर तो ऐकला असता का, माहीत नाही. कदाचित चालतच राहिलो असतो.

युक्ती हवी असेल तर ही घ्या: तळहात ओंजळीसारखे करून कानांच्या मागे धरा. समोरचं एकदम जवळ येतं. हातांची दिशा उलटी करून तेच कानांपुढे धरलेत तर पाठीमागचं ऐकू येतं.

चष्मिष
एक_कान, प्रतिसाद फार आवडला. "सगळं रान उजव्या बाजूला" वाचून थबकलो.

क्लिक_क्लिक
+१. आणि कानांवरून आठवलं, गव्हाणी घुबडाचे कान एकाच पातळीत नसतात, एक थोडा वर, एक थोडा खाली. त्यामुळे आवाज डावी-उजवीकडचा की वरचा-खालचा, दोन्ही कळतं, आणि मिट्ट काळोखातही उंदराच्या आवाजावर अचूक झडप बसते. वर पंखाच्या पुढच्या कडेला कंगव्यासारखे दाते, म्हणून उडताना आवाज नाही. आपण कसले मांजरपावलांचे अभिमान बाळगतो!

नाकतोडा
आयडी बघून हसू नका, पण नाकाबद्दल कोणीच लिहिलं नाही.

माणसाचं नाक अगदीच टाकाऊ, हा गैरसमज आहे. पहिल्या पावसानंतरचा मातीचा वास घ्या. त्यातला मुख्य घटक जिओस्मिन, मातीतले सूक्ष्मजीव तयार करतात. हवेत त्याचे एक हजार अब्ज भागांत मोजके काही भाग असले तरी आपल्याला कळतो.

आणि २००७ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग तर मला तोंडपाठ आहे. डोळे बांधून, कान बंद करून, हातांत मोजे घालून माणसांना गवतावर रांगायला लावलं. गवतात १० मीटर लांबीचा चॉकलेटच्या वासाचा माग. फक्त नाकाच्या जोरावर दोन तृतीयांश लोकांनी तो काढला. कुत्र्यासारखे नागमोडी हुंगत गेले. काही दिवस सराव केल्यावर वेगही वाढला. तेव्हा पाचोळा, 'उपजत की सराव' याचं नाकापुरतं तरी उत्तर मिळालं.

फक्त नाक लवकर कंटाळतं. एका वासात पाच मिनिटं राहिलं की तो कळेनासा होतो. म्हणून दमट सकाळी, जागा बदलल्यावर पहिल्या दोन-तीन श्वासांत काय येतं त्याकडे लक्ष द्यायचं.

आपल्याला त्यांचा वास येतो त्याच्या कैक पट त्यांना आपला येतो, हे वेगळं सांगायला नको. तुमची चाल, कपडे, नजर सगळं अचूक असेल, पण वारा पाठीवर असेल तर तुमची वर्दी तुमच्या आधी पोचलेली असते. वारा तोंडावर हवा. डोंगरउतारावर हे दिवसातून दोनदा फिरतं. उन्हं चढली की हवा उतारावरून वर सरकते, सूर्य मावळला की खाली घरंगळते. सकाळची यशस्वी वाट संध्याकाळी का फसते, त्याचं कारण बरेचदा हे.

उनाड
चॉकलेटचा माग मी डोळे बांधूनही काढतो. पुढे खरंच चॉकलेट असेल एवढी हमी द्या.

गणोबा
थोडं अवांतर. कान तयार करायचे तर रातकिड्यांपासून सुरुवात करा. थंडीत त्यांची किरकिर मंदावते, उकाड्यात वाढते. डॉल्बेअर नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने १८९७ साली त्याचं सूत्रच मांडलं. सेल्सियसमध्ये ढोबळ हिशेब असा: ८ सेकंदांतल्या किरकिरी मोजा, त्यात ५ मिळवा, झालं तापमान.

उनाड
आत्ताच मोजून आलो. थर्मामीटर म्हणतो २४, रातकिडा म्हणतो ३१. रातकिड्याला ताप असावा.

गणोबा
सगळ्या जातींना एकच सूत्र लागू होत नाही हो. आणि तुम्ही दोन किडे एकत्र मोजले असतील.

माजघर
मुलांनो, धागा रातकिड्यांनी पळवायच्या आत माझे दोन शब्द.

माझे गुडघे गेल्यापासून ही पावलांची विद्या माझ्या कामाची राहिली नाही. गेली सहा वर्षं मी एकाच दगडावर जाऊन बसते. रोज नाही जमत, पण आठवड्यातून चारदा तरी. पाचोळा, तुम्ही विचारलंत चालायचं कसं. मी म्हणेन, बसून बघा.

आपण आलो की पहिली वीस मिनिटं रान आपल्याबद्दलच बोलत असतं. तेव्हा जे ऐकू येतं ते रानाचं रोजचं बोलणं नसतं. हळूहळू ते आपल्याला विसरतं. आधी खारी हलायला लागतात, मग जमिनीवर टिपणारे पक्षी येतात. माझ्या दगडाजवळ एक छोटा पक्षी पाचोळा उलटत फिरतो. एक पान उचलायचं, बाजूला टाकायचं, खाली बघायचं, पुढचं पान. पाकिटं उघडून बघणाऱ्या टपालखात्यातल्या माणसासारखा. तो आला की मी समजते, आता माझी गणती दगडात झाली.

एकाच जागेचा फायदा हा की रोजचं काय ते पाठ होतं, मग वेगळं आपोआप खटकतं. तुमच्या मित्राला ढोलीची कड चुकल्यासारखी वाटली ना, ते तेच.

आणि आवाजात अर्थ असतो. वर ससाणा फिरत असेल तर बरेच छोटे पक्षी अगदी बारीक, उंच शीळ घालतात, आणि ती कुठून येते तेच कळत नाही. झाडावर बसलेलं घुबड सापडलं की मात्र तेच पक्षी कर्कश कलकलाट करतात, सगळ्यांना गोळा करतात. पीटर मार्लर यांनी १९५५ साली याचा उलगडा केला: बारीक, हळूच सुरू होऊन हळूच विरणाऱ्या शिळेची दिशा शत्रूला लागत नाही, आणि खरखरीत तुटक आवाजाची लगेच लागते. लपायचं असतं तेव्हा एक, बोलवायचं असतं तेव्हा दुसरा. कलकलाट ऐकलात की तिकडे बघा. घुबड शोधायचं काम त्यांनी केलेलं असतं.

शंकासुर
माजघर काकू, दंडवत. मी इतका वेळ वाद घातला ते तुम्ही दगडावर बसून मिटवलंत. फक्त एक शंका (आयडीला जागतो): विणीच्या दिवसांत घरट्याजवळ असं तास-तास बसलो तर? आपल्याला वाटतं ते आपल्याला विसरले, आणि तिकडे अंडी गार पडत असतात.

माजघर
बरोबर आहे तुमचं. चोचीत काडी किंवा किडा धरून एखादा पक्षी समोरच्या फांदीवर अस्वस्थ उड्या मारत असेल आणि पुढे जात नसेल, तर घरटं जवळ आहे आणि आपण मध्ये बसलोय. उठायचं, मुकाट्याने लांब जायचं. गेल्या मोसमात मी माझा दगड दीड महिना सोडला होता.

पाचोळा (तीन आठवड्यांनंतर)
मंडळी, अहवाल द्यायला आलो.

पहिला रविवार निशाचरांच्या चालीत गेला. शंभर पावलांना बारा मिनिटं. मागून येणाऱ्या एका गृहस्थांनी काळजीने विचारलं, "पाय मुरगळला का?" दुसऱ्या रविवारी तिरकं चालून बघितलं आणि बाभळीत शिरलो.

काल काकूंचं ऐकलं. तळ्याकाठी जाऊन बसलो. वारा तोंडावर, किल्ल्या घरी, मोबाइल बंद. पहिली दहा मिनिटं फक्त पाठ दुखली. मग एक_कान यांची ओंजळ करून बघितली, तर लव्हाळ्यांत बेडूक पाण्यात उतरल्याचं ऐकू आलं. उडी नाही, नुसतं अंग पाण्यात सोडल्याचं. हे मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. खूश होऊन नजर सैल सोडून बसून राहिलो. समोर पाण्यात एक राखी खुंट होता, त्याच्या अलीकडे चतुर उडत होते, ते बघत होतो.

पंचवीसेक मिनिटांनी खुंटाने एक पाय उचलला.

राखी बगळा! मी आलो तेव्हापासून तिथेच होता. मी त्याला खुंट समजत होतो. पाय हवेतच धरून तो किती वेळ उभा राहिला सांगू? निशाचरांच्या परीक्षेत पहिला आला असता. मग चोच पाण्यात गेली, मासा आला, आणि त्याच वेळी माझ्या पोटात मोठ्याने गुडगुडलं. बगळ्याने मान वळवून बघितलं आणि उडाला.

शेपूट दिसलं. पण या वेळी तोंडही दिसलं.

निशाचर
जमलं की! पुढच्या वेळी खाऊन जा.

एक_कान
बेडकाचा तो आवाज मीही एकदाच ऐकलाय. अभिनंदन.

उनाड
तिकडे बगळ्यानेही धागा काढला असेल: "रोज तासभर एका पायावर उभा राहतो. आज समोरचा ओंडका पोटातून गुरगुरला. कोणाला असा अनुभव?"